त्या दहा महिन्यांचं गणित

नलूताई गेल्याचं कळलं तेव्हा माझ्या अर्ध्या गालावर साबण होता. पिपरी मेघेच्या चौकातल्या सलूनमध्ये बसलो होतो. फोन वाजला, वस्तरा थांबवायला सांगून उचलला, तर तिचा मुलगा अभय. "मामा, आई गेली. सकाळी चहा घेता घेताच..." एवढंच म्हणाला. मी "बरं" म्हणालो आणि फोन ठेवून दिला. असं कसं म्हणालो, ते आजही मला सांगता येत नाही. मग तसाच उठलो, टॉवेलनं तोंड पुसलं आणि तिच्या घरी पोचलो. ती माझी मावसबहीण, माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी. जिवंत असती तर मला दारात बघून म्हणाली असती, "सुधा, अर्ध्याच गालानं आला का रे?" त्या दिवशी मात्र कुणी काही म्हणालं नाही. बाहेर खुर्च्यांवर बसलेल्यांपैकी दोघांनी हलक्या आवाजात विचारलं, "कॅन्सर होता का?" मी म्हटलं, हृदय बंद पडलं. त्यांचा विश्वास बसला नसावा. जन्मभर जी बाई कॅन्सरचा हिशेब मांडत बसली, ती दुसऱ्या कशानं जाते हे लोकांना पटत नाही.

आमच्या दोघांच्या सुट्ट्या आंजीला, तिच्या घरी गेल्या. मावशी भाजीला लागली की नलू चुलीशी जाऊन उभी राहायची. मीठ किती घातलं, विचारायची. मावशी म्हणायची, "अंदाजानं." नलूचा पुढचा प्रश्न ठरलेला, "अंदाज म्हंजे किती?" त्यापायी तिनं उलथन्याचे फटकेही खाल्ले आहेत. पुढं ती रसायनशास्त्र शिकली, नागपूरच्या एका प्रयोगशाळेत लागली, आणि अंदाज म्हणजे किती हेच तिचं पोटापाण्याचं काम झालं. पाण्यात एखादं विषारी रसायन किती आहे, माणूस ते पाणी किती पितो, किती वर्षं पितो, त्याचं वजन किती, एवढं सगळं मांडून त्या पाण्यापायी लाख माणसांत जास्तीचे किती कॅन्सर होऊ शकतील, हे ती काढायची. मी तिला चिडवायचो, "तू लोकायचं मरण मोजते." ती चिडायची नाही. म्हणायची, "मरण नाई रे बाबा, शक्यता. मरण मोजाले कायले शिका लागते?"

मी शाळामास्तर. ज्या गावात माझ्या नोकरीची शेवटची बारा वर्षं गेली त्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही, तिथल्या पोरींची लग्नं जमायची आहेत. गावाला लागून एक शेड होती. लोखंडी सुट्या भागांवरचं तेल काढून ते धुवायचं काम तिथं चालायचं. मालकानं एके दिवशी कुलूप लावलं आणि निघून गेला. मागं उरले धुण्याच्या द्रावणाचे पिंप, आणि ते उन्हापावसात गंजत गेले. शेडपासून हाकेच्या अंतरावर गावाची बोअर. तिच्या पाण्याला गोडसर वास येतो, असं बायका म्हणू लागल्या, तेव्हा मीच नलूताईला फोन केला. त्या द्रावणाचं नाव तिनं फोनवरच ओळखलं, ट्रायक्लोरोइथिलीन. मूत्रपिंडाचा कॅन्सर त्यानं होतो, हे तिनं त्याच दमात सांगितलं. तिच्या प्रयोगशाळेत माणसं कमी, मी त्याच गावच्या शाळेतला. तिनं सांगितलं, बाटल्या पाठवते, भरून दे. काठोकाठ भरायच्या, आत हवेचा बुडबुडाही राहता कामा नये, नाहीतर ते उडून जातं. नमुने घ्यायच्या दिवशी नेमकी बोअरची मोटर जळाली. मी विचारलं, तर म्हणाली, घराघरांतून घे, लोक पितात तेच पाणी मला हवं आहे.

मी वीस घरं फिरलो. चैत्राचं ऊन डोक्यावर. प्रत्येक अंगणात उभा राहून हाक द्यायचो, "पियाच्या पाण्याची बाटली भरून द्या, सरकारी प्रयोगशाळेत जाणार हाय." बाई आतून यायची, पदरानं बाटली पुसून आत न्यायची आणि भरून आणून द्यायची. मी बुडबुडा आहे का बघायचो, झाकण घट्ट करायचो, चिठ्ठी लावायचो. मोठं शास्त्रीय काम करतो आहोत असं वाटत होतं. दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात पुरुषमाणसानं, त्यातही गुरुजीनं, जायचं नसतं. हे मला कुणी सांगायची गरज नव्हती आणि त्यात काही चुकतंय असं मनातही आलं नाही. महिन्याभरानं नलूताईच्या सहीचा अहवाल आला, की धोका दखल घेण्याजोगा नाही. ग्रामपंचायतीनं मोटर दुरुस्त केली आणि गाव पुन्हा बोअरचं पाणी पिऊ लागलं. सरपंच शाळेत येऊन माझ्या पाया पडायला वाकले. मी त्यांना वर उचललं, पण सुखावलो होतो, हे कबूल करतो.

पुढच्या जानेवारीत शाळेचं स्नेहसंमेलन होतं. पाहुणी म्हणून मी नलूताईला बोलावलं. बक्षिसं वाटून झाल्यावर शाळेसमोरच्या शेवंताबाईंकडं जेवण होतं. त्यांचे यजमान गजाननभाऊ कास्तकार, घर खाऊनपिऊन सुखी. आम्ही पुरुष ओसरीवर ताटं घेऊन बसलो, नलूताई सरळ आत गेली. बाईमाणूस, तिला कोण अडवणार? आतलं बोलणं मला ऐकू येत होतं. शेवंताबाईंनी तिला तांब्याभर पाणी दिलं असावं. ती म्हणाली, "पाणी गोड हाय तुमचं." शेवंताबाई हसल्या. "हे वावरातल्या विहिरीचं हाय ताई, पाव्हण्यायसाठी. एक गुंड भरून आणून ठेवतो दूरून. आम्ही त्या माठातलं पेतो, बोअरचं."

नंतर नलूताईचा आवाज आला, एकदम खाली उतरलेला. "शेवंताबाई, उन्हाळ्यात गुरुजीनं बाटली नेली होती तुमच्याकडून. ती कोणत्या पाण्यानं भरली होती?"

"याच की!" शेवंताबाईंना प्रश्नाचंच नवल वाटलं. "सायबायच्या कचेरीत जाणार होती नं ती. तिथं काय आमचं खारट पाणी धाडावं? सगळ्यायनंच हेच देल्लं. ज्याच्या घरी नव्हतं, त्यायले मीच देल्लं."

माझ्या हातातला घास हातातच राहिला. गजाननभाऊ वरण वाढा म्हणून आत हाका देत होते. मी बोअरच्या दिशेनं बघितलं. तिथं दोन बाया भांडी भरत होत्या, एक तिथंच ओंजळ लावून पाणी प्यायली. नलूताई बाहेर आली. हात धुतले, माझ्याकडं न बघता म्हणाली, "सुधा, गाडीत बाटल्या हायेत. चाल." तिच्या गाडीत कायम बाटल्या असत. बोअरच्या तोंडाशी बसून तिनं स्वतः सहा भरल्या. एकीत बुडबुडा दिसला तर ती ओतून पुन्हा भरली. वर्ध्याच्या रस्त्याला लागल्यावर तिनं विचारलं, "तू कुठं उभा होता?" म्हटलं, "अंगणात." "अन् बाटल्या?" "त्यायनं आणून देल्ल्या." पिपरीला मी उतरताना ती म्हणाली, "तुह्यी नाई, माही चूक हाय. तू कोणाच्या सैपाकघरात जाणार नाई, हे मले समजाले पायजे होतं. मी का परदेशातून आली?"

सहाही बाटल्यांत ते द्रावण निघालं. थोडंथोडकं नव्हे. तिनं लगेच सरपंचांना पाणी थांबवायला सांगितलं, पण हातात पहिला अहवाल असताना ते बोअर बंद करायला तयार झाले नाहीत. त्यानंतरचे तीन आठवडे मी नीट जेवलो नाही. ती मात्र पुन्हा गावात आली. या खेपेला घराघरांतल्या चुलीपाशी बसली, तांब्याचं माप घेतलं आणि प्रत्येकीला विचारत गेली, कामाच्या दिवशी किती तांबे पिता, नवरा किती पितो, वावरात किती नेता. माणूस दिवसाला दोन लिटर पाणी पितो असं पुस्तकात धरतात. ज्यानं ते लिहिलं त्यानं मे महिन्यात आमच्याकडं वखर हाणलं नसावं. गावातला गडी सहा-सात लिटर सहज पितो. पुस्तकातला आकडा बदलून तिनं गावाचा घातला, आणि धोका मर्यादेच्या पार वर गेला. तिच्या साहेबांनी सुचवलं, "पहिला अहवाल मागे कशाला घेता मॅडम? पुरवणी जोडा. नवीन माहिती हाती आली, असं लिहा." सेवानिवृत्तीला तिला वर्षसुद्धा राहिलं नव्हतं. तिनं लिहिलं, पहिला अहवाल चुकीचा आहे, नमुने घेण्याची पद्धत मी ठरवली होती, चूक माझी आहे. माझं नाव त्यात कुठंच नव्हतं. तो कागद वाचून मला हायसं वाटलं आणि त्याच क्षणी स्वतःची किळस आली. माझी तीन वर्षं नोकरी उरली होती. मी तिला एकदाही म्हटलं नाही, की माझं नाव घाल.

ग्रामसभेच्या पंधरा दिवस आधी शेवंताबाईंच्या मूत्रपिंडात गाठ निघाली.

शाळेच्या पटांगणात सभा झाली. एवढी माणसं मी तिथं पंधरा ऑगस्टलाही बघितली नव्हती. नलूताईनं उभं राहून सगळं सांगितलं, बाटल्या, विहिरीचं पाणी, चुकलेला अहवाल. बोअर आजपासून बंद करा म्हणाली. मग गजाननभाऊ उठले. टोपी हातात घेतली होती. म्हणाले, "बाई, मले एकच सांगा. माह्या बायकोले याच पाण्यानं झालं का? हो का नाई?"

नलूताई म्हणाली, "मले सांगता येत नाई, भाऊ."

"येत नाई म्हंजे? तुम्ही तं शिकेल हाय."

"इतक्या लोकायनं इतके वर्षं हे पाणी पेलं, तं त्यायच्यातल्या कितीयले जास्तीचा आजार होऊ शकते, ते सांगता येते. कोणाले झाला, ते नाई सांगता येत. शेवंताबाईले याच्यानंच झालं असंन, नसंन बी. मी हो म्हणलं तं ते खोटं होईन."

"अन् ते दहा महिने?" गजाननभाऊंचा आवाज चढला. "तुमच्या कागदावर भरोसा ठेवून पेलो, ते? त्यायनं किती वाढलं?"

"ते मोजाचं बाकी हाय," ती म्हणाली.

मग पटांगणात एकच गलका उठला. कुणी खुर्ची लाथाडली, कुणी माईक ओढून घेतला. "आमच्या बाया मरून राह्यल्या अन् ही मोजून राह्यली!" असं एक जण ओरडला. आम्ही तिला वर्गात नेऊन आतून कडी लावली. दारावर थापा पडत होत्या. मीही तापलो होतो. म्हटलं, "तू 'हो' काऊन नाई म्हणलं? त्याच्या जिवाले तेवढंच बरं वाटलं असतं. काही भरपाई बी भेटली असती." ती बाकावर बसून पाणी पीत होती. म्हणाली, "अन् ज्यायच्या घरी कोणाले काही झालं नाई, त्यायले काय सांगू? तुम्हाले होणार नाई म्हणून? एकदा खोटं सांगतलं तं माह्या दुसऱ्या कागदावर बी कोणी भरोसा ठेवणार नाई. बोअर चालूच राहीन." मला ते तेव्हा पटलं नाही. चार महिने मी तिच्याशी बोललो नाही. पण बोअरच्या तोंडावर पत्रा वेल्डिंग करून बसवला गेला, तो तिच्याच त्या दुसऱ्या कागदाच्या भरवशावर.

बोलणं पुन्हा तिनंच सुरू केलं. निवृत्त झाल्यावर एकदा फोन आला, "येत्या दुसऱ्या शनिवारी गावात जाणं हाय, येजो." एवढंच. तेव्हापासून दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी शाळेच्या व्हरांड्यात एक वही घेऊन ती बसायची. वहीत घरवार नावं. कुणाला लघवीतून रक्त जातं का, पाठीत दुखतं का, कुणाचं वजन उतरलं का, विचारायची. ज्याची शंका येईल त्याला वर्ध्याच्या दवाखान्यात तपासायला न्यायचं काम माझ्याकडं. पहिले काही महिने कुणी फिरकलं नाही. एकदा तर व्हरांड्यात शेण टाकून ठेवलेलं होतं. ते तिनं पुठ्ठ्यानं सारलं आणि बाजूला चादर अंथरली. शेवंताबाईंचं एक मूत्रपिंड काढलं, त्या वाचल्या आणि ऑपरेशननंतर सहा महिन्यांनी स्वतःच व्हरांड्यात येऊन बसल्या. त्यांच्या मागून बाकीच्या आल्या. कोरोनात आम्ही फोनवरून विचारत राहिलो. दोन माणसांची गाठ लवकर सापडली, ते आज हिंडतात-फिरतात. आणि दर वेळी परतताना गाडीत मी विचारायचो, "त्या दहा महिन्यांचं गणित झालं का?" ती समोर रस्त्याकडं बघत म्हणायची, "चालू हाय." मला धीर धरवत नसे. वीस अंगणांत मी उभा राहिलो होतो. त्या प्रत्येक अंगणात माझ्यामुळं किती विष पोटात गेलं, हे कळल्याशिवाय मला मोकळा श्वास घेता येणार नव्हता. आणि कळलं तर काय होईल, याचीही भीती होती. जाणं मी चुकवलं नाही. ताप असतानाही गेलो. दर खेपेला थोडं थोडं फिटतं आहे, असं वाटायचं.

तेरवी झाल्यावर अभयनं मला तिच्या अभ्यासाच्या खोलीत नेलं. म्हणाला, मामा, कागद तुम्हीच बघा, मला त्यातलं कळत नाही. एका फाइलवर गावाचं नाव होतं. दोन्ही अहवाल होते, तांब्यांची मापं होती. सगळ्यात तळाला, तिच्या बारीक अक्षरात, दोन पानी गणित. शेवटची ओळ अशी: "या दहा महिन्यांनी मूळ धोक्यात पडलेली भर दखल घेण्याजोगी नाही." मी तीनदा वाचलं. पहिल्या अहवालातलेच शब्द, या वेळी खरे. धोका होता तो आधीच्या वर्षानुवर्षांच्या पाण्याचा. आमच्या चुकीनं त्यात जवळपास काहीच वाढलं नव्हतं. मग तारीख बघितली. पाच वर्षांपूर्वीची. आणि खाली पेन्सिलनं लिहिलेलं: "सांगतलं तं लोक सुटलो म्हणतीन अन् तपासाले येणार नाई. सुधा तं पयलेच येणार नाई."

मला एवढा राग आला की तो कागद फाडून टाकावासा वाटला. पाच वर्षं! माझी झोप, माझी भूक... गजाननभाऊंना भर सभेत एक शब्द खोटं बोलली नाही, आणि मला दर महिन्याला गाडीत बसवून "चालू हाय" म्हणत राहिली. गावापासूनही तिनं ते लपवलं. तो त्यांचा हक्क होता, आणि हे तिचं चुकलंच, ती गेली म्हणून मी वेगळं म्हणणार नाही. तिच्या खुर्चीत बसून मी मोठ्यानं भांडलो तिच्याशी. अभय दारात येऊन बघून गेला. मग हळूहळू राग ओसरला, आणि जे उरलं त्यानं मी ढसाढसा रडलो. कारण तिचं दुसरं वाक्य खरं होतं. मी गेलो नसतो. त्या दिवशी तिनं हा कागद माझ्या हातात ठेवला असता, तर मी पेढे वाटले असते आणि पुन्हा त्या गावाचं तोंड बघितलं नसतं. ते दोघं जण आज हिंडताफिरताना दिसले नसते.

परवाच्या दुसऱ्या शनिवारी मी एकटा गेलो. कागद खिशात होता. व्हरांड्यात चादर अंथरेपर्यंत गजाननभाऊ आले, नलूताईविषयी दोन शब्द बोलले. मी कागद काढला आणि म्हटलं, "भाऊ, ते दहा महिन्यायचं गणित लागलं." त्यांना शेवटची ओळ वाचून दाखवली, तिचा अर्थ सांगितला, तारीखही सांगितली. पेन्सिलचं तेवढं वाचलं नाही. त्यांनी बंद बोअरकडं बघितलं. वाटलं, आता चिडतील. चिडले नाहीत. म्हणाले, "म्हंजे आता तुमचं येणं बंद, गुरुजी?"

मी वही उघडली. पहिलं नाव त्यांच्याच घरचं होतं.

"शेवंताबाईले बोलवा," मी म्हटलं.